पडणारा माणूस कापू नकोस

प्रिय मुला,

तुझी चार मिनिटांची फिल्म रात्री दोनदा पाहिली. जिन्यावरून पडण्याच्या एका प्रसंगात तू नऊ कट मारलेस आणि विचारतोस, हसू का येत नाही? अरे, पाय दिसला, चेहरा दिसला, घरंगळणारी बादलीही दिसली. पडणारा माणूस कुठाय?

कापू नकोस.

१९२८चा मूकपट 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' लाव. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत विनोदी नट बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते आणि वरची उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवती येते. भिंत खरीखुरी जड, दोन्ही बाजूंना मोकळी जागा काही इंचांची. कॅमेरा लांब उभा. भिंत, माणूस, जमीन, सगळं एका चौकटीत. मध्ये एक कट असता तर पोटात गोळा आला असता का? आणि गोळाच आला नाही, तर मागून हसू कुठून फुटणार?

"आजच्या प्रेक्षकाला धीर नाही" हे मला सांगू नकोस. हेच ऐकून मी एकदा वाकलो. एका वयस्कर नटानं ओल्या ओसरीवरून घसरण्याचा प्रसंग एका दमात दिला होता. निर्माता म्हणाला, वेग वाढव. मी त्याचे तीन तुकडे केले. पहिल्या खेळाला कुणी हसलं नाही. तो नट माझ्या शेजारी गुडघा चोळत बसला होता, एक शब्द बोलला नाही. त्यानंतर मी असा कट मारला नाही. हट्टी म्हणून कामं गेली. गेली तर गेली. मी बरोबरच होतो.

आणि मूकपटांचा हा खजिना उरलाय तरी किती? अमेरिकेतले सुमारे ७० टक्के मूक कथापट कायमचे गेले. तेव्हा चित्रपट ज्या नायट्रेटच्या फिल्मवर असायचे, ती भुरुभुरु जळायची, डब्यात कुजायची. बोलपट आल्यावर कुणाला पर्वा होती? आपल्या फाळक्यांनी १९१४मध्ये 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपट केला होता. तोही आज बघायला मिळत नाही. काळानं एवढं कापलंय, आणि उरलेलं तू मोबाइलवर पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत बघतोस! राग येतो रे. अख्खा चित्रपट बघ, एका बैठकीत.

तुझ्या फिल्ममधल्या पोराला पडता येतं, हे त्या अर्ध्या सेकंदातही कळलं मला. जिन्याचा लांबून घेतलेला शॉट असेलच तुझ्याकडे. रविवारी हार्डडिस्क घेऊन ये. तेवढाच लावून बघू.