कुळाच्या शेतात गोदाम नको, भरडीवर बांधा

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले शेतकरी. घराजवळ भातशेती आहे. आजोबा तिथे कूळ होते, नंतर ती वडिलांच्या नावावर झाली. थोडं वर काजू-सुपारीची भरड (उंचावरची बागायत जमीन) आहे, तिच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. भात, काजूबी, सुपारी आणि पॉवर टिलर ठेवायला जुना मांगर (शेतावरची खोप) पुरत नाही, पावसात माल बुरसतो. शेतीसाठीच्या शेडला परवानगी लागत नाही असं सगळे म्हणाले, म्हणून रस्त्यालगतच्या भातशेताच्या कडेला माती टाकून चौथऱ्याचं काम सुरू केलं. आता पंचायतीने काम थांबवण्याची आणि कारणे दाखवा अशी नोटीस दिली आहे. मोठा भाऊ दुबईला असतो. शेजारी म्हणतात, बांधून टाका, मागाहून नियमित होतं. काय करावं?

उत्तर : सर्वांत आधी माती टाकणं थांबवा. आजच. नोटिशीला उत्तर काय द्यायचं ते पुढे सांगतो, पण नोटीस हातात असताना टाकलेली प्रत्येक टोपली तुमच्या विरोधात पुरावा ठरते.

तुमची गरज खरी आहे. आपल्याकडच्या पावसात सुपारी आणि काजूबी कोरडी ठेवणं म्हणजे वर्षाची कमाई सांभाळणं. गोदाम हवंच, आणि ते कायदेशीरपणे उभं करता येण्यासारखं आहे. फक्त तुम्ही निवडलेली जागा चुकली आहे.

भातशेतीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा आणि पिकांचा नोंदीचा कागद, काढून समोर ठेवा. लागवडीखालच्या क्षेत्राचे त्यात जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे रकाने असतात. तुमचं क्षेत्र बहुधा ‘तरी’खाली असेल, म्हणजे भाताची जमीन. कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा. १९६४ च्या कूळ कायद्याखाली कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही, असं १९९१ चा गोवा भू-वापर नियमन कायदा सांगतो. गोदामात शेतीचाच माल राहणार, मग ती शेतीच नव्हे का, असं तुम्ही विचाराल. युक्तिवाद करता येईल. पण ज्या शेतात भात उगवायचा तिथे सिमेंटचा चौथरा आणि शटर दिसलं की तो टिकवणं फार कठीण, आणि मी तुम्हाला तो करायला सांगणार नाही.

दुसरं कारण याहून पक्कं आहे. नगर आणि ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे सखल जमिनीत भराव घालायला मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी आधी लागते, आणि भातशेत म्हणजे सखल जमीनच. वर काय बांधणार हा प्रश्न नंतरचा. नुसती माती टाकली तरी गुन्हा होतो, आणि त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये भातशेती आणि खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनी इको-१ या सर्वांत कडक विभागात आहेत. शिवाय तिळारी किंवा अंजुणे धरणाच्या कालव्याचं पाणी तिथे पोचत असेल तर लाभक्षेत्राचे (कालव्याने भिजणाऱ्या जमिनीचे) निर्बंध वेगळे. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्यांलगतच्या आणि भातशेतांमधल्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचे आदेश दिले आहेत. पंचायत आता डोळेझाक करील ही आशा सोडा.

मागाहून नियमित करण्याचंही तसंच. २०१६ च्या नियमितीकरण कायद्याची अंतिम तारीख २८ फेब्रुवारी २०१४ आहे. आज उभं राहिलेलं गोदाम त्यात बसतच नाही.

आता भरडीकडे वळू. बागायत जमिनी प्रादेशिक आराखड्यात साधारण इको-२ मध्ये येतात. तिथेही बंधनं आहेत, पण शेतीला खरोखर लागणाऱ्या बांधकामाचा विचार होतो. नगर नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयातून त्या सर्व्हे नंबरचा झोनिंग दाखला, म्हणजे आराखड्यात ती जमीन कोणत्या विभागात आहे ते सांगणारा कागद, काढा. उतारा आणि झोनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उताऱ्यावर ‘बागायत’ आहे म्हणून आराखड्यातही तेच असेल असं धरून चालू नका. जागा उतरणीची असेल तर डोंगरकापणीलाही तेच कलम १७-अ लागतं, म्हणून त्यातल्या त्यात सपाट तुकडा निवडा.

अर्जात जे आहे तेच लिहा : भात, काजूबी, सुपारी, पॉवर टिलर, किती माल, किती जागा. सोबत कृषी कार्ड आणि विभागीय कृषी कार्यालयाकडून शेतीच्या गरजेबद्दलचं पत्र जोडा. फार्म हाऊस म्हणून दाखवा, असा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. फार्म हाऊसला किमान ४,००० चौ.मी. जमिनीची अट आहे, आणि खोटा हेतू लिहिलेला अर्ज पुढे तुमच्याच गळ्यात येतो. गोदाम भाड्याने द्यायचा किंवा बाहेरच्या लोकांची काजूबी फोडायचा विचार असेल तर तो वापर बिगरशेती होतो आणि जमीन महसूल संहितेखाली सनद (बिगरशेती वापराची परवानगी) घ्यावी लागते.

नगर नियोजनाची तांत्रिक मान्यता मिळाली की पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ खाली पंचायतीकडे बांधकाम परवान्याचा अर्ज. ३० दिवसांत निर्णय कळवला नाही तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं. पंचायत गप्प आहे म्हणजे परवानगी मिळाली, असं समजून पाया खणू नका.

खरी मेहनत मात्र उताऱ्यावरच्या आजोबांच्या नावावर करावी लागेल. गोव्यात वारसाहक्कात मुलगा-मुलगी भेद नाही. भरडीत तुमच्या वडिलांइतकाच तुमच्या आत्यांचाही हिस्सा आहे, मग त्यांची लग्नं होऊन कितीही वर्षं झालेली असोत. लग्न सामायिक मालमत्तेच्या पद्धतीखाली झालं असेल, आणि वेगळा करार नसेल तर ते तसंच धरलं जातं, तर प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही लागते. म्हणजे, वडील हयात नसतील तर, दुबईचा भाऊ आणि वहिनी, दोघंही. त्यांनी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवलं की काम होतं. आत्याला दुर्लक्षून बांधलंत तर त्या एका अर्जावर दिवाणी न्यायालयातून मनाई आणू शकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

तात्पुरता मार्ग म्हणजे सगळ्या वारसांचं लेखी ना-हरकत. कायमचा मार्ग म्हणजे २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याखाली वारसदाखला, वाटप जमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटप करण्याची कारवाई), आणि मग म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नावांचा फेरफार. वेळ लागेल, तरी मी हा कायमचाच मार्ग सुचवीन. आज गोदाम आहे, उद्या विहीर असेल, अनुदान असेल, प्रत्येक वेळी आजोबांचं नाव आडवं येईल. चतुर्थीला सगळे घरी जमतात, आत्यांना कागद दाखवून नीट समजावा.

नोटिशीचं उत्तर दिलेल्या मुदतीतच द्या, एक दिवसही उशीर नको. काम थांबवलं आहे, टाकलेली माती स्वतःच्या खर्चाने काढून शेत पूर्ववत करतो, आणि गोदामासाठी दुसऱ्या जागेवर रीतसर अर्ज करणार आहे, एवढंच लिहा. ‘सगळेच करतात’ हे वाक्य नको. माती काढण्याआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो जोडा, तलाठ्यालाही एक प्रत द्या, आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.