खाली पाठवलं म्हणून काय झालं

अरे, तुझा मेसेज रात्री दोनला आला तेव्हा मी जागाच होतो, पण मुद्दाम फोन नाही केला, म्हटलं आत्ता बोललो तर नुसतं "होईल रे सगळं ठीक" म्हणून ठेवून देईन. म्हणून सावकाश लिहितोय.

तुझ्या बेसबॉल क्लबने तुला डबल-ए मधून परत एक पायरी खाली, हाय-ए ला पाठवलं (मेजर लीगखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए अशा उतरत्या पायऱ्या), पिचिंगमध्ये वॉक फार झाले, म्हणजे चार बॉल बाहेर पडून बॅटरला फुकट बेस, आणि टप्प्यातला स्ट्राइक पडेना. ठीक आहे, वाईट वाटणारच. पण "काका, आता मी मागेच जाणार" असं जे लिहिलंयस ना, ते मला अजिबात पटलेलं नाही.

पिचर रॉय हॅलडेचा परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोचू दिलेली मॅच, सगळ्यांना आठवतो, त्याआधीचं कुणी बोलत नाही. टोरोंटोने त्याला १९९५ च्या ड्राफ्टला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्याच राउंडमध्ये घेतला. १९९८ मध्ये, मेजर लीगमध्ये मॅचच्या सुरुवातीपासून पिचिंग करायची फक्त दुसरी वेळ, वय २१, आणि पठ्ठ्या नो-हिटरपासून, म्हणजे एकही हिट न देता मॅच संपवण्यापासून, एका आउटवर होता, नवव्या इनिंगला दोन आउट झालेले आणि तिथे होम रन बसला. अशा पोराला कोण खाली पाठवेल? पण २००० साली त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी, १०.६४ झाला आणि २००१ च्या सीझनला त्याला ट्रिपल-ए पण नाही, थेट सिंगल-ए, डनीडिनला. विचार कर, मेजर लीग खेळलेला माणूस आणि आजूबाजूला सगळी नुकती ड्राफ्ट झालेली पोरं. तिथे मेल क्वीन या कोचने त्याचा हात खाली आणला, म्हणजे आधी बॉल डोक्यावरून सरळ यायचा तो जरा तिरका, थ्री-क्वार्टरमधून टाकायला लावला, कारण त्याचा फास्टबॉल फास्ट होता पण सरळ होता, आणि सरळ बॉल कितीही फास्ट टाक, वरचे बॅटर टायमिंग पकडतातच. नव्या अँगलने बॉल हलायला लागला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो परत वर. २००३ ला साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम पिचरचा, २०१० ला दुसरा.

सगळेच हॅलडे होत नाहीत, मला माहितीये. पण वर असताना बदल करायला वेळ कोण देतं? तिथे दर पाच दिवसांनी रिझल्ट हवा असतो. तुला आता तो वेळ मिळालाय. पिचिंग कोचकडे स्वतःहून जा आणि एकच गोष्ट माग, दहा नको. माझं विचारशील तर पहिला बॉल स्ट्राइक. तुझे बाबा लहानपणी तुला लाईन-लेंथ लाईन-लेंथ करून पिडायचे ना, तेच आहे हे, फक्त इथे प्लेट, म्हणजे बॅटरजवळची ती जमिनीतली पाटी, १७ इंच रुंद आणि तू ६० फूट ६ इंचांवर.

आणि लवकर वर जायचं म्हणून जोर लावून टाकू नकोस. हे मी कळकळीने सांगतोय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूला दुखत होतं, मी तीन आठवडे कुणाला बोललो नाही, मॅचआधी गोळी घ्यायची आणि टाकायचं, मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, माझी जागा जाईल ही भीती माझीच. लिगामेंट फाटलं. टॉमी जॉन या पिचरचं १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोबनी याच लिगामेंटचं ऑपरेशन केलं आणि त्यानंतर त्याने मेजर लीगमध्ये १६४ मॅच जिंकल्या, म्हणून हल्ली पोरांना वाटतं ऑपरेशन केलं की झालं. वर्ष-दीड वर्ष जातं रे त्यात, आणि माझा स्पीड परत आलाच नाही. दुखलं की त्याच दिवशी ट्रेनरला सांगायचं.

पैशाचं टेन्शन मात्र घेऊ नकोस. २०२३ च्या करारात डबल-ए चा कमीत कमी पगार वर्षाला ३०,२५० डॉलर ठरला आणि हाय-ए चा २७,३००, म्हणजे एक पायरी उतरून फार फरक नाही, राहायची सोय क्लबच करतो. त्याआधी हाय-ए ची पोरं वर्षाला ११,००० वर काढायची, ऑफ-सीझनला मिळेल ते काम करून.

पुढच्या बुलपेनचा, म्हणजे सरावाच्या पिचिंगचा, व्हिडिओ पाठव, मागून काढलेला, मला तुझा पुढचा पाय कुठे पडतोय ते बघायचंय, मला वाटतं तो तुझा उघडा, म्हणजे प्लेटच्या सरळ रेषेबाहेर, पडतोय आणि म्हणून बॉल वर राहतो. आणि आज आईला फोन कर. ती मॅचचं काही विचारणार नाही, फक्त जेवलास का एवढंच विचारेल.