नकाशावरची मराठी नावं: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत प्रोग्रॅममधल्या लेबलांबद्दल, म्हणजे नकाशावर उमटणाऱ्या नावांबद्दल आहेत, त्यातही देवनागरी लेबलांबद्दल. म्हणून सगळे एकत्रच घेतो. मेनूंची नावं इंग्रजी इंटरफेसमध्ये दिसतात तशीच दिली आहेत.

प्रश्न: तालुक्यातल्या गावांची शेपफाइल (नकाशाचा डेटा ठेवायची फाइल) मिळाली, पण लेबल चालू केलं की नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. चार फॉन्ट बदलून पाहिले, फरक नाही. (भूगोल शिक्षिका, सांगली)

फॉन्टला हात लावण्याआधी नेमकं काय दिसतंय ते बघा, रोग तिथेच कळतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा येत असेल तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) वाचला जातोय. लेयर प्रॉपर्टीजमध्ये सोर्स उघडा आणि डेटा सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. शेपफाइलशेजारी त्याच नावाची सीपीजी फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून तिच्यातही यूटीएफ-८च लिहिलंय ना, ते पाहा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल सेव्ह करतानाच कुणीतरी अक्षरं घालवली आहेत. मूळ फाइल पुन्हा मागवा, दुसरा इलाज नाही. आणि सरळ रोमन अक्षरं, मधूनच कंस-स्वल्पविराम असं काही दिसत असेल तर तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर. तो कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर एकेक नाव नजरेखालून घाला. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी, या दोन जागी कन्व्हर्टर घसरतात.

दुरुस्ती झाली की डेटा शेपफाइलऐवजी जिओपॅकेज या फाइल-प्रकारात सेव्ह करा. शेपफाइलच्या रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजतात, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइट खातं. 'छत्रपती संभाजीनगर' हे नाव ४९ बाइटचं होतं. रकाना ५०चा असेल तर कसंबसं मावतं. पुढे 'जिल्हा' जोडलंत की शेपूट तुटलं.

प्रश्न: नकाशावर गावांचे ठिपके सगळे आहेत, पण निम्म्या ठिपक्यांना नावच नाही. (पाणलोटाच्या कामातला कार्यकर्ता, बीड)

नावं हरवलेली नाहीत. एकमेकांवर चढत होती म्हणून प्रोग्रॅमने गाळली आहेत. लेबल टूलबारवर 'अनप्लेस्ड लेबल्स' दाखवण्याचं बटण आहे. ते दाबलं की गाळलेली नावं लाल रंगात दिसतात. यावर बरेच जण रेंडरिंगमध्ये जाऊन ओव्हरलॅपला परवानगी देऊन टाकतात. मग सगळी नावं येतात आणि एकही वाचता येत नाही.

त्यापेक्षा 'रूल-बेस्ड लेबलिंग' घ्या. तालुक्याची गावं कायम, मोठी गावं १:२,५०,००० पासून, वाड्या-वस्त्या १:५०,००० पासून, असे नियम करा. शिवाय 'टेक्स्ट सब्स्टिट्यूट्स'मध्ये बुद्रुकचं 'बु.' आणि खुर्दचं 'खु.' करून टाका. सातबारा वाचणाऱ्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही, डेटातलं पूर्ण नाव जागच्या जागी राहतं आणि बरीच जागा मोकळी होते.

प्रश्न: नदीचं नाव प्रवाहाच्या वळणाप्रमाणे लिहायचं आहे. 'कर्व्ह्ड' निवडलं की शिरोरेषा तुटते. फॉन्टचा दोष आहे का? (नियोजनशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

नाही. 'कर्व्ह्ड'मध्ये प्रोग्रॅम एकेक अक्षर सुटं उचलून रेषेवर फिरवून बसवतो. रोमन अक्षरं मुळातच सुटी, त्यांना फरक पडत नाही. आपली वरची रेघ मात्र दात पडलेल्या फणीसारखी दिसते. जुन्या आवृत्त्यांत तर मात्राही अक्षरापासून सुटायच्या.

माझं मत विचाराल तर देवनागरीसाठी 'कर्व्ह्ड' विसरा. 'पॅरलल' घ्या, नाव नदीच्या त्यातल्या त्यात सरळ पट्ट्यावर बसतं. सांगलीजवळच्या कृष्णेसारखी वळणं असतील तर नदीलगत एक वेगळी, साधी, जवळजवळ सरळ रेषा काढा, तिचा रंग अदृश्य ठेवा आणि लेबल त्या रेषेला लावा. नाव दर दोन बोटांवर पुन्हा येत असेल तर नदी तुकड्यातुकड्यांत काढलेली आहे. 'मर्ज कनेक्टेड लाइन्स'वर टिचकी मारा.

हीच गोष्ट अक्षरांतल्या अंतराची. इंग्रजी नकाशांत डोंगररांगेचं नाव अक्षरं लांब लांब पसरून लिहितात. 'सह्याद्री'ला तसं केलंत की रेघ तुटलीच. लेटर स्पेसिंग शून्य ठेवा. मोठा आकार आणि फिका तपकिरी रंग वापरा, किंवा रांगेच्या लांबीवर नाव दोन-तीनदा लिहा. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीतच, तेव्हा शहर आणि खेडं यांतला फरक वजन, आकार आणि रंग यांनीच दाखवायचा. अक्षरांभोवतीचा पांढरा बफर १ मिलिमीटरच्या निम्म्यावर आणा. लहान अक्षरांत 'कुर्डुवाडी'तला रफार आणि उकार मोकळे राहतात.

प्रश्न: 'अरबी समुद्र' लिहायचं आहे, पण तिथे लेयरच नाही. (रत्नागिरी)

अ‍ॅनोटेशन लेयर (नुसत्या मजकुराचा नि खुणांचा थर) घ्या आणि त्यावर मजकूर टाका. एका नावासाठी समुद्राचा पॉलिगॉन (बंद आकृती) काढत बसू नका.

प्रश्न: नावं हाताने सरकवून नकाशा छान लावला. सहकाऱ्याला पाठवला तर सगळी नावं पुन्हा मूळ जागी! (नगरपरिषदेतले कंत्राटी तंत्रज्ञ)

तुम्ही बहुधा फक्त डेटाची फाइल पाठवलीत. सरकवलेल्या जागा डेटात नसतात, ऑक्झिलरी स्टोरेजमध्ये (डेटाबाहेरच्या पूरक साठ्यात) असतात, आणि ते प्रोजेक्टच्या क्यूजीझेड फाइलमध्ये बसतं. प्रोजेक्ट क्यूजीएस स्वरूपात असेल तर शेजारी क्यूजीडी फाइल तयार होते, तीही बरोबर द्यावी लागते.

पहिल्यांदा लेबल सरकवताना एक की फील्ड (प्रत्येक गाव वेगळं ओळखू येईल असा रकाना) विचारलं जातं. तिथे गावाचं नाव देऊ नका. एका जिल्ह्यात वडगावं किती निघतील सांगता येत नाही. जनगणनेचा गाव-कोड द्या. नावं बदलली तरी तो धागा तुटत नाही: अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा ज्यांनी तक्ते नावावर जोडले होते त्यांचे जोड निखळले. आणि सरकवासरकवी करायची ती छपाईचं प्रमाण पक्कं झाल्यावरच. १:५०,००० ला नेमकं लावलेलं नाव १:१,००,००० ला शेजारच्या गावावर जाऊन बसतं.

पीडीएफ काढताना टेक्स्ट एक्सपोर्टमध्ये मजकूर 'पाथ्स' म्हणून, म्हणजे अक्षरांऐवजी त्यांच्या आकाररेषा, द्या. मग छापखान्यात तुमचा फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. त्या पीडीएफमध्ये नाव शोधता येत नाही, पण भिंतीवरच्या नकाशाला त्याची गरजही नसते.