प्रतीक, आदिबंध आणि नमुना : कोणते कशावरून ओळखावे?

एका वाचकाने विचारले आहे की, समीक्षालेखनात ‘प्रतीक’, ‘आदिबंध’ आणि ‘नमुना’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. तेव्हा त्यांच्यात फरक काय, आणि कथा-कादंबरी वाचताना समोर आलेली गोष्ट यांपैकी नेमकी कोणती, हे कशावरून ठरवावे? त्याच प्रश्नाला जोडून ‘प्रतिकाचा’ लिहावे की ‘प्रतीकाचा’, अशीही शंका त्यांनी मांडली आहे.

हा फरक पुरावा कुठे सापडतो यावरून करावा, असे मला वाटते. प्रतीकाचा पुरावा त्या एका कलाकृतीच्या आतच मिळाला पाहिजे. आदिबंधाचा (आर्किटाइपचा, म्हणजे अनेक कथांत पुन्हापुन्हा येणाऱ्या मूळ रचनेचा) पुरावा अनेक कलाकृती शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय मिळत नाही. नमुन्याचा पुरावा कलाकृतीबाहेरच्या समाजात, किंवा रंगभूमीच्या आणि कथनाच्या रूढ संकेतांत असतो. एकाच पात्राच्या संदर्भात हे तिन्ही शब्द वापरता येतात, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच.

महाभारतातला कर्ण हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची कवचकुंडले हे प्रतीक आहे, असे आपण म्हणतो ते कशाच्या बळावर? ती जन्मासोबत आली आहेत. राजपुत्रांच्या अस्त्रपरीक्षेच्या वेळी कुंती त्याला त्यांच्यामुळेच ओळखते. आणि ब्राह्मणाच्या वेषात आलेल्या इंद्राला तो ती अंगावरून कापून देतो. म्हणजे जन्म, ओळख आणि दान या तिन्ही निर्णायक जागी ती पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या अर्थात भर पडते. ती संरक्षण आहेत, नाकारलेल्या कुळाची खूण आहेत, आणि शेवटी स्वतःच्या शब्दासाठी मोजलेली किंमतही आहेत. यांपैकी एकच अर्थ निवडून बाकीचे सोडून देता येत नाहीत. शिवाय हे सगळे होत असताना ती खरीखुरी कवच आणि कुंडलेच राहतात. कथेतल्या युद्धात त्यांचा प्रत्यक्ष उपयोग असतो.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, प्रतीक व्यंजनेने, म्हणजे सूचित अर्थाने, काम करते, पण वाच्यार्थाला, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थाला, धक्का लावत नाही. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात. रूपकातिशयोक्तीत उपमान उपमेयाला गिळून टाकते, पण गिळलेले उपमेय कोणते ते वाचकाला निश्चित कळते. प्रतीकात असे एक ठरावीक उपमेय काढून दाखवता येत नाही. म्हणून ‘अमुक फूल म्हणजे प्रेम, अमुक पक्षी म्हणजे स्वातंत्र्य’ असे कोष्टक घेऊन जो वाचतो, त्याला संकेत सापडतात, प्रतीके सापडत नाहीत. एखादी वस्तू एकदाच आली असेल, कथेच्या वळणाशी तिचा संबंध नसेल आणि ती काढून टाकल्याने काहीच बिघडत नसेल, तर तिला प्रतीक म्हणण्याची घाई करू नये. ती बहुधा वातावरणनिर्मितीसाठी आलेली साधी प्रतिमा असते. प्रतिमा इंद्रियसंवेदना जागी करते, आणि तेवढे काम केले तरी ती सार्थ असते. प्रत्येक प्रतिमेला प्रतीकाच्या पदाला चढवणे हे वाचनाचे खोलपण नव्हे.

आता त्याच कर्णाला आदिबंधाच्या अंगाने पाहू. नवजात बालक पेटीत घालून नदीत सोडले जाते, परके त्याला वाढवतात, आणि जन्माचे रहस्य पुढे उलगडते. हीच रचना प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन याच्या जन्मकथेत आहे, तिथे बोरूची टोपली आणि पाणक्या आहे. बायबलमधल्या मोझेसच्या कथेतही ती आहे. अशा कथांचा एकत्र अभ्यास मनोविश्लेषक ऑटो रांक याने १९०९ मध्येच केला होता. ‘आर्किटाइप’ या जुन्या ग्रीक संज्ञेला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) याने सामूहिक अबोधाच्या (सर्व माणसांना समान असलेल्या नेणिवेच्या) सिद्धान्तात नवा अर्थ दिला, आणि समीक्षक नॉर्थ्रप फ्राय याने १९५७ च्या आपल्या ग्रंथात ती साहित्यसमीक्षेच्या केंद्राशी आणली. युंगच्या मते आदिबंध स्वतः आकारहीन असतो. आपल्याला दिसतात त्या त्याच्यातून घडलेल्या प्रतिमा. मराठीत रुळलेल्या ‘आदिबंध’ या शब्दातला ‘बंध’ म्हणूनच मला अचूक वाटतो, कारण त्यातून व्यक्तीपेक्षा रचनेकडे लक्ष जाते. एकटा कर्ण ‘आदिबंध’ नाही. त्याच्या कथेत आदिबंध आहे.

पण आदिबंध ओळखला की वाचन संपले, असे मानणारी समीक्षा मला अपुरी वाटते. खरी गंमत फरकात असते. मोझेस दास्यात पडलेल्या लोकांच्या घरी जन्मतो आणि राजवाड्यात वाढतो; कर्ण राजकन्येच्या पोटी जन्मतो आणि सूताच्या घरी वाढतो. मोझेसला आपले लोक परत मिळतात. कर्णाला सत्य कळते तेव्हा तो आपल्या लोकांकडे परत जायचे नाकारतो. बंध तोच आहे, पण त्याची दिशा उलटली आहे, आणि कर्णाची शोकांतिका नेमकी त्या उलटलेल्या दिशेत आहे. दोन कथांतले साम्य दाखवून थांबलेल्या लेखात ती हातून निसटते.

राहिला ‘नमुना’. ‘दानशूर कर्ण’, ‘कळीचा नारद’, ‘शकुनीमामा’, ‘घरभेदी बिभीषण’ हे शब्दप्रयोग पाहा: इथे विशेषनामाचे सामान्यनाम झाले आहे आणि गुंतागुंतीच्या व्यक्तिरेखेतला एकच गुण उरला आहे. नमुना असाच एका ठळक गुणावर किंवा सामाजिक स्थानावर उभा असतो. भरतप्रणीत नाट्यपरंपरेतले धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत हे नायक, विट (रसिक, चतुर सोबती), शकार (राजाचा गर्विष्ठ मेहुणा) आणि विदूषक ही पात्रे, थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकाची ३० स्वभावचित्रे, हे सगळे याच जातीचे. यातही ‘प्रातिनिधिक पात्र’ आणि ‘साचेबद्ध पात्र’ यांत भेद करावा. प्रातिनिधिक पात्रात एखादा वर्ग किंवा काळ जिवंत होतो. साचेबद्ध पात्र आधीच्या पुस्तकांतून उचललेले असते, त्याचे पुढचे वाक्य वाचकाला आधीच ठाऊक असते. मात्र साचा हा नेहमी दोष नसतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ मध्ये सपाट (एकाच गुणावर उभ्या) आणि गोलाकार (अनेक पैलू असलेल्या) पात्रांचा भेद मांडला तेव्हा सपाट पात्रांची उपयुक्तताही मान्य केली होती, आणि ते योग्यच होते. प्रत्येक द्वारपालाला अंतर्मन दिले तर नाटक पुढे सरकणार नाही.

शब्दाच्या वापरात एक अडचण आहे. बोलण्यात ‘तो एक नमुनाच आहे’ म्हणजे तो जगावेगळा आहे. समीक्षेत मात्र ‘नमुना’ म्हणजे अनेकांसारखा. अर्थ थेट उलटा होतो. म्हणून लेखात जिथे संभ्रमाची शक्यता असेल तिथे ‘प्रातिनिधिक पात्र’ किंवा ‘पात्रप्रकार’ लिहावे, असे मी सुचवेन.

शुद्धलेखनाच्या शंकेचे उत्तर सरळ आहे. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, त्या धर्तीवर ‘प्रतिकाला’ लिहिले जाते. पण उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) दीर्घ ईकार सामान्यरूपात ऱ्हस्व होण्याचा हा नियम तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना लागू होत नाही. ‘प्रतीक’ तत्सम असल्याने ‘प्रतीकाचा’, ‘प्रतीकाला’, ‘प्रतीके’ आणि ‘प्रतीकात्मक’ या सर्व रूपांत ‘ती’ दीर्घच ठेवावी.