सागवानी बोट जड का होते? आणि लाकडी रेसिंग बोटींबद्दल आणखी तीन पत्रं

रिमोटवर चालणाऱ्या लाकडी रेसिंग बोटींवर आलेली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने इतर वाचकांनीही विचारलाय, तो म्हणजे वजन.

प्रश्न : दादा नमस्कार, मी गुहागरचा, सुतारकाम घरातलंच आहे. प्लॅन मिळवून शिडाच्या वन मीटर क्लासच्या बोटीची हल (बोटीचं मुख्य अंग) बनवली, सागवानाच्या ४ मिमीच्या पट्ट्या एकाला एक चिकटवून. प्लायचे साचे मजबुतीसाठी आतच ठेवले आणि ब्रशने आतून बाहेरून इपॉक्सीचे (सुकून कडक होणाऱ्या राळेचे) तीन तीन हात मारले. दिसायला झकास झालीय पण काट्यावर ठेवली तर ९६० ग्रॅम, आणि डेक अजून बसवायचंय! फोडून टाकू का? आणि पुढच्या वेळी पांगारा वापरला तर चालेल का, तो हलका असतो म्हणून.

उत्तर : अजिबात फोडू नका, फोटो बघितला, जोड इतके सुंदर बसलेत की मी दोनदा झूम करून बघितले. हात चांगला आहे, चुकलंय ते लाकूड.

आधी हिशोब करू. इंटरनॅशनल वन मीटर क्लासचा नियम असा की बोट १ मीटर लांब आणि सगळं धरून वजन कमीत कमी ४ किलो. त्यातलं खालचं फिन (तळाखालचं उभं पातं) आणि त्याच्या टोकाचा शिशाचा बल्ब मिळून २.२ ते २.५ किलो, सुकाणू ७५ ग्रॅमपर्यंत. आता ज्याला जिंकायचंय तो खाली पूर्ण २.५ किलो ठेवणारच, कारण तेच वजन बोटीला वाऱ्यात उभं धरतं. म्हणजे हल, डेक, डोलकाठी, शिडं, रेडिओ, बॅटरी, विंच (शिडाची दोरी ओढणारी मोटर) या सगळ्यांना मिळून उरले १४२५ ग्रॅम. डोलकाठी आणि शिडांचे धरा ३०० च्या आसपास, रेडिओ-बॅटरी-विंचचे २५० च्या आसपास, मग हल आणि डेक मिळून पावणेनऊशे ग्रॅम राहतात. तुमची हल डेकशिवायच ९६० आहे. बोट ४ किलोच्या वर गेली तरी नियमात बसते पण पाण्यात खोल बसते, जास्त अंग भिजतं, आणि मंद वाऱ्यात बाकीच्या पुढे निघून जातात नि आपली तिथेच.

हे वजन आलं कुठून ते बघा. एवढ्या हलचं अंग साधारण ०.२२ चौरस मीटर भरतं. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे ४ मिमीचं नुसतं कवच ५७० ग्रॅम. बाकीचे ३९० ग्रॅम म्हणजे तुमचे साचे आणि इपॉक्सी. तेच कवच ३ मिमी रेड सीडरचं केलं तर २४५ ग्रॅम आणि ३ मिमी बाल्साचं (फार हलकं लाकूड) तर जेमतेम १०५, बाल्सावर दोन्ही बाजूंनी पातळ ग्लासक्लॉथ (काचेच्या धाग्याचं कापड) चढवावंच लागतं तरी सगळं धरून दोनशेच्या आतबाहेर राहतं. सागवान मोठ्या होडीला सोनं आहे, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, पण आपली बोट रविवारी दोन तास पाण्यात असते आणि बाकी वेळ कपाटावर, तिला त्या टिकाऊपणाचं वजन कशाला.

आता करायचं काय. साचे कापून काढा, फक्त डोलकाठीखालचा आणि फिनच्या पेटीजवळचा ठेवा, ताण तिथेच येतो. मग बाहेरचं इपॉक्सी हीट गनने मऊ करून रंध्याच्या पात्याने खरवडा (धूर नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा आणि काम अंगणात करा) आणि लांब पाटीला पॉलिशपेपर चिकटवून पूर्ण अंगावरून १ मिमी उतरवा. त्या १ मिमीत एकशे चाळीस ग्रॅम जातात. अंगावर पेन्सिलीने सगळीकडे गिरगटून घ्या म्हणजे कुठे घासलं नि कुठे राहिलं ते दिसतं. कडांना सांभाळून, तिथे माणूस नकळत जास्त घासतो. नंतर चौरस मीटरला ५० ग्रॅम वजनाच्या ग्लासक्लॉथचा एकच थर, इपॉक्सी ओता आणि जुन्या एटीएम कार्डाने ओढून काढा, जेवढं निघेल तेवढं काढा, कापडाची वीण दिसली पाहिजे. चकचकीत दिसतंय म्हणजे जास्त झालंय. डेक प्लायचं करूच नका, बारीक पट्ट्यांची चौकट करून त्यावर प्लॅस्टिक फिल्म ताणून चिकटवा, खूप जण तसंच करतात.

आणि हे काम पावसाळ्यात करू नका. तुमच्याकडच्या दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरका तेलकट थर येतो, त्यावर दुसरा हात मारला तर तो पुढे सोलून निघतो. करायचंच असेल तर कोमट पाण्याने घासून धुवा, वाळवा, मग पुढचा हात.

पांगारा हलका खराच, पण कीड पटकन लागते आणि मीटरभर लांब सरळ रेषेची पट्टी त्यातून काढणं अवघड. पट्टी वाकवताना रेषा तिरकी असेल तर तिथेच तुटते. त्यापेक्षा बाल्सा मागवा. महाग वाटेल, पण एका हलला लागतो किती!

प्रश्न : माझी बोट पन्नास-साठ मीटर गेली की सिग्नल सोडते. दुकानदार म्हणतो ओल्या लाकडामुळे होतंय, फायबरची हल घे. खरं आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. रिसीव्हर कुठे ठेवलाय ते आधी बघा. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी गिळून टाकतं, त्यामुळे हलच्या तळाशी बॅटरीशेजारी ठेवलेला रिसीव्हर म्हणजे पाण्याच्या रेषेखाली ठेवलेला रिसीव्हर. तो डेकला आतून लगटून चिकटवा, अँटेनाची टोकं पाण्याच्या वर, दोन असतील तर एकमेकींना काटकोनात. सिग्नल अडवतं ते कार्बन फायबर, लाकूड नाही. हल बदलायची काही गरज नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने (इयत्ता नववी) ३ मिमी प्लायची ७० सेमीची मोटरबोट बनवलीय, ब्रशलेस मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आहे. हळू चालवली तर ठीक पण फुल थ्रॉटल दिला की नाक वरखाली आपटत जाते आणि दोनदा उलटी झाली. दुसऱ्यांदा बुडायलाच आलेली. तो म्हणतो अजून मोठी मोटर लावू.

उत्तर : मोठी मोटर नको ताई, आधी बॅटरी सरकवा. मोनो हलच्या, म्हणजे एकाच अंगाच्या, बोटीचा तोल मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर यायला हवा, म्हणजे तुमच्याकडे मागून २१ सेमीवर. बॅटरी वगैरे सगळं आत ठेवून बोट दोन बोटांवर उचलायला सांगा त्याला, कुठे तोलते तिथे खूण करा. तोल फार मागे असेल तर नाक असंच आपटतं. बॅटरी एकेक सेंटीमीटर पुढे सरकवत चालवून बघा, तिच्याखाली वेलक्रो लावला की सोपं जातं. तरी थांबलं नाही तर तळाला मागच्या बाजूला पट्टी ठेवून बघा, प्लाय पाण्याने वाकलाय का. तळाच्या शेवटच्या पंधरा-वीस सेंटीमीटरमध्ये फुगवटा किंवा खळगा असला तर बोट कधीच सरळ पळत नाही, आणि कडा गोल झाली असेल तरीही नाही. मागची कडा ब्लेडसारखी धारदार हवी. हे त्याला स्वतःला शोधू द्या, तुम्ही फक्त पट्टी हातात द्या.

उलटी होणं शर्यतीत होतंच, पण बुडता कामा नये. नाकात आणि दोन्ही बाजूंना फोम भरा, स्विमिंग पूलमध्ये मुलांना देतात त्या लांब नळीचे तुकडे चालतात, आणि मग बॅटरीसकट मुद्दाम पाण्याखाली दाबून बघा की वर येते का. लिपो भिजली किंवा फुगली तर परत चार्ज करायची नाही. आणि जिथे कोणी पोहतंय त्या पाण्यात ही बोट अजिबात सोडायची नाही, तो पंखा हातापायाचं बोट कापतो.

प्रश्न : मी मूळचा वेंगुर्ल्याचा, वय ७१, सध्या मुलाकडे कॅलिफोर्नियात आलोय. नातवाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये फिरताना एका तळ्यावर म्हातारी माणसं शिडाच्या छोट्या बोटी रिमोटवर पळवताना दिसली आणि पायच निघेना. माझे वडील होड्या बांधायचे, पठाण (होडीच्या तळाचा कणा) टाकण्यापासून मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. इथे सहा महिने आहे. हत्यारं म्हणजे एक रंधा, करवत आणि चार पटाशा. होईल का काही?

उत्तर : काका, तुम्ही उभे होतात ते स्प्रेकल्स लेक. ते तळं १९०४ साली मुद्दाम मॉडेल बोटींसाठीच बांधलं, आणि तिथला मॉडेल यॉट क्लब तर त्याच्याही आधीचा, १८९८ चा. रेडिओ नव्हता तेव्हा माणसं बोटीबरोबर काठाकाठाने चालत जायची आणि बोट काठाला आली की लांब काठीने तिचं तोंड वळवायची. अमेरिकेतला जुना मार्बलहेड क्लास १९३० चा, ५० इंच लांबी आणि ८०० चौरस इंच शीड एवढाच मुख्य नियम, आणि त्या काळी तशा कितीतरी बोटी लोकांनी घरीच लाकडाच्या बांधल्या. तेव्हा तुम्ही परक्या ठिकाणी नाही, पुढच्या खेपेला सरळ जाऊन बोला त्यांच्याशी, होडी बांधणाऱ्याचा मुलगा म्हटल्यावर ते तुम्हाला सोडायचे नाहीत.

सहा महिने भरपूर आहेत. पण मीटरची बोट नको, आरजी ६५ क्लासची करा, ६५ सेंटीमीटरची असते, विमानाच्या बॅगेत घालून परत आणता येईल. रेड सीडर तुम्हाला तिथे लाकडाच्या वखारीत सहज मिळेल, ते तिकडचंच झाड, आणि तुमच्या रंध्याखाली ते लोण्यासारखं जाईल. पट्ट्या २ मिमी जाड, ६ मिमी रुंद.

एकच गोष्ट तुम्हाला नव्याने शिकावी लागेल. तुमच्याकडे आधी पठाण, मग नाळ (पुढचा उभा खांब), मग वाक (आतल्या फासळ्या) आणि बरंचसं नजरेने. इथे बोट उलटी बांधतात, एका सरळ फळीवर कागदावरून कापलेले आडवे साचे उभे करायचे नि त्यांच्यावर पट्ट्या, आणि पठाण असा नसतोच, हल सुकली की साच्यांवरून टोपीसारखी उचलून घ्यायची. त्यामुळे साचे ज्या फळीवर उभे करणार ती फळी पिळलेली असेल तर बोट जन्मभर एका अंगाला वळत राहते आणि नंतर त्यावर काही उपाय नाही. दोन टोकांना खिळे मारून मधे दोरा ताणा, प्रत्येक साच्याची मधली रेघ त्या दोऱ्याखाली आणा, आणि पहिली पट्टी चिकटवायच्या आधी फळीच्या टोकाशी एक डोळा मिटून बघा, ते तुम्हाला वडिलांनी शिकवलेलं असणारच. नातवाला दोऱ्याचं दुसरं टोक धरायला द्या.