चार फुटी ओटा आणि इंडक्शन

प्रश्न : नोकरीसाठी हिंजवडीत एकटीच राहायला आलेय. ओटा जेमतेम 4 फुटांचा, गॅस नाही, इंडक्शन आहे. भांडी कोणती घेऊ?

उत्तर : अगं, आधी पर्समध्ये लोहचुंबक टाक, मग तुळशीबागेत जा. बुडाला चुंबक चिकटलं तरच भांडं इंडक्शनवर तापेल. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बिनकामाचा. 3 लिटरचा, आत डबे बसणारा कुकर घे, वरणभात एकदम होतो. सपाट लोखंडी तवा, कढई, दुधाचं पातेलं, सांडशी, परात, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा. सुरी एकच, पण धारदार. मिक्सर इतक्यात नको. दाण्याचं कूट आणि ठेचा खलबत्त्यात होतो, माझ्या मते जास्त चवदार. नॉनस्टिकचा अख्खा सेट कुणी देऊ केला तर सरळ नको म्हण. फुलके मात्र जाळीवर फुगणार नाहीत. तव्यावरच स्वच्छ फडक्याने हलके दाबून फुगव.