"पोरीला उचलून आणू का, मॅडम?"

"मॅडम, चार माणसं घेऊन जातो आणि पोरीला गाडीत घालून घरी आणतो. पुढे तिचं डोकं ठिकाणावर आणायचं काम तुमचं."

कराडकडच्या एका गावातून आलेले हे वडील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. शेजारी आई, मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत. मुलगी चोवीस वर्षांची, इंजिनीअर, पुण्यात नोकरीला. मैत्रिणीबरोबर शनिवार-रविवारच्या एका 'ताणमुक्ती' शिबिराला गेली आणि आठ महिन्यांत त्या गटाच्या फ्लॅटवर राहायलाच गेली. पगार गटाच्या खात्यात. घरी फोन स्पीकरवर लावूनच, आणि मागे कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा. दिवाळीला आली नाही.

त्या मुलीच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. "आमचं माणूस असल्या गटात अडकलंय, बाहेर कसं काढू?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला मी हीच हकीगत सांगते.

उचलून आणायला मी स्पष्ट नकार दिला. मुलगी सज्ञान होती. कोर्टात गेलात तरी न्यायाधीश तिलाच विचारणार, आणि ती "मी माझ्या मर्जीने इथे आहे" असं म्हणणार. पण माझं खरं कारण वेगळं होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेड पॅट्रिक नावाच्या माणसाने हाच धंदा केला. आईवडिलांकडून पैसे घेऊन पोरांना पळवून आणायचं, खोलीत डांबायचं आणि त्यांची श्रद्धा मोडेपर्यंत वाद घालायचा. काही सुटले, काही पहिल्या संधीला परत पळाले, आणि तो स्वतः तुरुंगात गेला. गट माणसाची मर्जी हिरावून घेतो, म्हणून आपणही जबरदस्तीच करायची? तिच्या मर्जीची किंमत आता कुणालाच नाही, हे मग घरानेही सिद्ध करायचं?

वडील गप्प बसले. दुसऱ्या भेटीत आईच्या तोंडून निघालं की त्यांनी आधीच एक घाव घातला होता. मुलगी घरी आली असताना तिच्या बॅगेतला गटाच्या गुरूंचा फोटो त्यांनी तिच्यादेखत फाडला. ती रडली नाही, भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "हे होणार, असं मला सांगितलं होतं."

हे वाक्य नीट ऐका. पहिल्या महिन्यातच या गटांत सांगून ठेवतात की घरचे आडवे येतील, तीच तुमची परीक्षा. मग बाप चिडला की भविष्य खरं ठरतं. आपण जितकं ओरडावं तितका पलीकडचा माणूस खरा वाटत जातो.

युक्तिवादही चालत नाही. १९५४ मध्ये शिकागोजवळ एका छोट्या गटाची खात्री होती की २१ डिसेंबरला महापूर येणार आणि आपल्याला उडती तबकडी वाचवणार. काहींनी नोकऱ्या सोडल्या होत्या. लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी गटात मिसळून सगळं पाहत होते. पूर आला नाही. आणि त्या रात्री एकत्र बसलेल्यांतले बरेच जण, जे आधी वर्तमानपत्रांना टाळत होते, तेच फोन करून आपला संदेश सांगू लागले. ज्यासाठी सगळं सोडलं ते खोटं होतं, असं मानण्यापेक्षा विश्वास आणखी घट्ट धरणं सोपं जातं. मुलगी इंजिनीअर आहे म्हणून यातून सुटेल, असं वडिलांना वाटत होतं. शिक्षणाचा इथे फार उपयोग होत नाही.

कारण पंथात जायचं ठरवून कुणीच जात नाही. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पुण्यात पीजीच्या खोलीत ती एकटी होती. शिबिरात वीस माणसांनी तिचं नाव लक्षात ठेवलं, वाढदिवसाला रात्री बारा वाजता औक्षण केलं. पुढचं सगळं हळूहळू आलं. पहाटे चारला उठायचं, रात्री अकरापर्यंत बैठक. झोप तुटलेल्या माणसाला शंका घ्यायलाही ताकद लागते. आणि रोज रात्री एका वहीत दिवसभराच्या 'चुका' लिहून रविवारी गटातल्या ताईंकडे द्यायच्या. चिनी तुरुंगांत सक्तीच्या विचारपरिवर्तनाला सामोरं गेलेल्या लोकांच्या मुलाखती रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने घेतल्या आणि १९६१ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला. त्यात कबुलीजबाबाची ही सक्ती ठळकपणे येते. माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहून दुसऱ्याच्या ताब्यात देतो.

आईने विचारलं, "मग आम्ही माळ घातली, वारीला जातो, ते?" प्रश्न रास्त होता. वारीला गेलेला माणूस एकादशी झाली की घरी येतो आणि शेताच्या कामाला लागतो. विठ्ठलाशी भांडायची तर आपली परंपराच आहे. जिथून परत येता येतं, जिथे प्रश्न विचारता येतो, तिथे मला काळजी वाटत नाही.

आम्ही ठरवलं ते दिसायला फारच किरकोळ होतं. दर रविवारी आईचा एक फोन. गुरूंबद्दल चकार शब्द नाही, "कधी येणार" नाही, रडणं नाही. जेवलीस का, झोप होते का, आणि गावातल्या चार गोष्टी. पैसे द्यायचे नाहीत, पण ज्वारीचं पीठ आणि ठेचा पाठवायचा. वडिलांना फोनवर संयम राहणार नाही, हे त्यांनीच कबूल केलं. म्हणून त्यांनी फक्त फोटो पाठवायचे. उसाचा, विहिरीचा, दारातल्या मांजराचा.

कित्येक आठवडे उत्तर नाही. मग गाय व्याली, त्याचा फोटो गेला. अकरा दिवसांनी तीन शब्द आले, "कालवड की खोंड?"

वडील तो मेसेज दाखवायला एसटीने माझ्याकडे आले. एरवी ती लिहायची ते गटाच्या भाषेत, 'सर्वांचे कल्याण असो' असं काहीतरी. या तीन शब्दांत मात्र त्यांची पोरगी बोलली होती.

पुढे तिची आजी गेली. दहाव्याला तिला एका दिवसाची मुभा मिळाली. मी घरच्यांना आधीच बजावलं होतं की अडवायचं नाही. संध्याकाळी वडिलांनी तिला मोटरसायकलवर स्टँडला सोडलं, वाटेत एक शब्द न बोलता. मला ते नंतर म्हणाले, "आयुष्यात एवढं अवघड काम केलं नाही." परत गेल्यावर आजीसाठी रडणं ही 'आसक्ती' म्हणून वहीत लिही, असं तिला सांगण्यात आलं. तिने लिहिलं. पण ते लिहिताना काहीतरी तुटलं, असं तीच मला सांगते. त्याच सुमारास सेवेसाठी चार लाखांचं वैयक्तिक कर्ज काढ, असा तगादा सुरू झाला.

तीन आठवड्यांनी पहाटे पाचला अनोळखी नंबरवरून फोन आला. "बाबा, मला न्यायला येता?"

गाडी गेलीच, पण चार माणसांशिवाय.

लोकांना वाटतं इथे गोष्ट संपली. माझं काम इथून सुरू झालं. पहाटे चारला तिला आपोआप जाग यायची आणि छातीत धडधडायचं. गट सोडला की घरावर संकट येतं, हे मनात इतकं मुरलं होतं की आईचा पाय मुरगळला तरी ती थरथरायची. दुकानात दोन ड्रेसांतला एक निवडता येईना, दोन वर्षं प्रत्येक गोष्ट विचारून केलेली. आणि त्या वीस माणसांची तिला आठवण यायची. वडिलांना याचा राग यायचा, पण तिने एका दिवसात वीस मैत्र गमावले होते, त्याचा शोक तिला करू द्यायलाच हवा होता. "एवढी शिकलेली तू, फसलीस कशी?" हा प्रश्न मी घरात बंद करायला लावला. कर्ज निघालं नव्हतं, एवढं नशीब. झोप फारच उडाली तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, काही महिने औषध लागलं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आधी तुम्ही स्वतः कुणाशी तरी बोला. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मारहाण, डांबून ठेवणं असेल तर पोलिसांकडे जायला थांबू नका. चमत्काराच्या नावाखाली लुबाडणूक किंवा दहशत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

ती आता पुन्हा नोकरी करते. निघताना तिने एकच गोष्ट पिशवीत घातली होती, ती वही. एका भेटीत तिने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "जाळू का?" मी म्हणाले, ते तू ठरव. ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आज नको. तुमच्याकडे ठेवा."

माझ्या कपाटात आहे. मागेल तेव्हा देईन.